चवीपुरतं मीठ, तीन प्रतींत

वजन-मापे कार्यालयातल्या निरीक्षकांना आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नसे, आणि ती म्हणजे 'अंदाजे' हा शब्द. बावीस वर्षं ते दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले होते. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की आतले दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडायला बसत. त्यामुळे बायको दवाखान्यातल्या पलंगावरून पडल्या आवाजात म्हणाली, "थोडा मऊ भात आणि थोडी बटाट्याची पातळ भाजी, आपल्या घरची, एवढंच खावंसं वाटतंय," तेव्हा त्यांना गहिवरून आलं हे खरं, पण गहिवराच्याही आधी मनात प्रश्न आला, की थोडा म्हणजे किती.

बायकोचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन सोमवारी झालं होतं. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी खडे बाटलीत घालून दाखवले, आणि निरीक्षकांनी त्यांचं नेमकं वजन विचारून डॉक्टरांना अडचणीत आणलं. गाडं अडलं ते जेवणापाशी. दवाखान्याचं ताट यायचं, बायको झाकण उचलायची, आत बघायची आणि झाकण परत ठेवायची. बुधवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, "सलाईन काढलंय आता. नीट जेवल्याशिवाय घरी सोडता येणार नाही. आणि असंच चाललं तर सलाईन परत लावावं लागेल." बायकोचे डोळे भरून आले. निरीक्षकांनी एकोणीस-वीस वर्षांत तिला सुईला भिऊन रडताना पाहिलं नव्हतं. तिथेच त्यांनी ठरवलं, की घरचा डबा आपण आणायचा. आणि तो आपण स्वतः करायचा.

हा दुसरा निर्णय घेतला नसता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती आणि तिला स्वयंपाक बऱ्यापैकी येत होता. पण तिची परीक्षा चालू होती, आणि शिवाय नवऱ्याने बायकोसाठी चार दिवस चूल सांभाळू नये, असं निरीक्षकांच्या माहितीतल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते वही-पेन काढून पलंगाशेजारी बसले.

"हं, सांग. तांदूळ किती?"

"एक वाटी."

"कुठली वाटी?"

"अहो, ती नेहमीची."

"पाणी?"

"तांदळावर बोट ठेवायचं. दुसऱ्या पेरापर्यंत पाणी आलं पाहिजे."

"कुणाचं बोट?"

बायकोने डोळे मिटून घेतले. डोळे न उघडताच ती म्हणाली, "माझंच असतं बहुतेक."

"मीठ?"

"चवीपुरतं."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. या बाईबरोबर आपण इतकी वर्षं दोन वेळा जेवत आलो, आणि आपल्या ताटात पडणाऱ्या एकाही गोष्टीला लेखी आधार नव्हता, हे कळून त्यांना क्षणभर घेरी आल्यासारखं झालं.

दुपारी ते परवानगीच्या मागे लागले. बाहेरचं अन्न वॉर्डात न्यायचं तर तळमजल्यावरच्या आहार विभागातून 'घरगुती अन्नपदार्थ परवानगी अर्ज' घ्यावा लागे. तो तीन प्रतींत भरायचा होता. इतर नातेवाईक त्या अर्जाकडे बघून कपाळाला हात लावत होते. निरीक्षकांना मात्र अर्ज बघून प्रथमच घरच्यासारखं वाटलं. 'पदार्थाचे घटक व त्यांचे प्रमाण (ग्रॅममध्ये)' असा एक रकाना होता. स्वयंपाकात ग्रॅम विचारणारं माणूस जगात आहे म्हणायचं. 'शिजवणाऱ्याचे नाव', 'रुग्णाशी नाते' हे रकाने त्यांनी झरझर भरले, आणि 'स्वयंपाकाचा अनुभव (वर्षे)' या रकान्यात प्रामाणिकपणे शून्य लिहिलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "शून्य लिहिलेला अर्ज पुढे जात नाही."

"पण आहेच शून्य."

"कधीतरी चहा केला असेल ना?"

निरीक्षकांनी आठवून पाहिलं. "केलाय. मुलगी झाली त्या आठवड्यात."

"त्याला किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"मग एकोणीस लिहा की," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लाल पेन उघडलं. निरीक्षकांनी बायकोच्या सांगण्यावरून घटकांच्या रकान्यात जे जे लिहिलं होतं, त्यातलं तिखट बाईंनी खोडलं, कांदा खोडला, तेल एका चमच्यावर आणलं आणि मीठ दोन ग्रॅमवर. मंजूर वजन भात तीनशे ग्रॅम, भाजी दोनशे, एकूण पाचशे. वेळ सकाळी अकरा ते बारा. शिक्का बसला.

संध्याकाळी घरी आल्यावर निरीक्षकांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या टेबलावर मांडल्या. अकरा निघाल्या. एकशे चाळीस मिलिलीटरपासून दोनशे दहापर्यंत, आणि दोन वाट्या एकमेकींशी जुळतील तर शपथ. मुलगी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, आई ती कड चेपलेली घेते." ती एकशे अठ्ठ्याहत्तर भरली. उरला बोटाचा प्रश्न. निरीक्षकांचं बोट लांब, मुलीचं बारीक. अंदाजाने काम भागवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी कपाटातून आपली खाजगी मापपकड काढली, मिलिमीटरचाही दहावा भाग मोजणारी, आणि भेटीची वेळ संपायच्या आत दवाखाना गाठला.

बायको झोपली होती. तिला उठवणं जिवावर आलं, म्हणून त्यांनी हळूच तिचं मधलं बोट सरळ केलं आणि पकडीचे जबडे पेरावर टेकवले. नेमक्या त्या वेळी सिस्टर आत आल्या.

"काय करताय तुम्ही?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"भाताचं," निरीक्षक म्हणाले.

सिस्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि घरी आणखी कोण असतं, असं मायेने विचारलं. चार दुकानदारांसमोर ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने शांतता पसरायची, त्या माणसाला पाणी पिऊन, नाडी तपासून घेऊन वॉर्डाबाहेर पडावं लागलं. पण माप मिळालं होतं. सत्तेचाळीस पूर्णांक तीन.

गुरुवारी सकाळी सात वाजता त्यांनी शेगडी पेटवली, आणि साडेसातला समोरच्या घरातले निवृत्त मास्तर आत आले. पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. दोघांनाही जळका वास आला होता.

"बटाटा?" काकू पातेल्यात डोकावून म्हणाल्या. "ऑपरेशननंतर बटाटा? पोट फुगून बसेल तिचं."

"बटाट्याने ताकद येते," मास्तर म्हणाले. "मी तीस वर्षं मुलांना शिकवलंय."

"बटाट्याबद्दल?"

"सर्वच विषय होते माझ्याकडे."

हा वाद तब्बल वीस मिनिटं चालला. निरीक्षक सभ्य गृहस्थ असल्यामुळे जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले, आणि त्यांच्या पाठीमागे भात उतू जाऊन शेगडी विझली. काकूंना गॅसचा वास आला, तेव्हा कुठे वाद थांबला. खिडक्या उघडल्या. मास्तरांनी सर्वांना शांत राहायला सांगितलं आणि स्वतः जिन्यात जाऊन उभे राहिले. काकूंनी बाहेर पडता पडता पातेलं रिकामं करून घासून दिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला करू द्या ना."

"अर्जावर नाव माझं आहे," निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या खेपेला भात झाला. भाजीही झाली. मुलीने कॉलेजला निघताना भाजी चमच्याने चाखली.

"बाबा, याला चव नाहीये."

"चव मंजूर झालेली नाही," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी घरच्या काट्यावर तीन वेळा तोलून बरोबर पाचशे ग्रॅम डब्यात भरले.

अकरा वाजता आहार विभागासमोर सहा-सात माणसांची रांग होती. प्रत्येकाचा डबा काट्यावर चढवायचा, अर्जावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं, अर्जाशी ताडून बघायचं आणि वर सोडायचं, अशी पद्धत होती. निरीक्षकांचा नंबर सर्वांत पुढे होता. आहारतज्ज्ञ बाईंनी डबा ठेवला, आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "पाचशे साठ. साठ ग्रॅम जास्त आहे."

"शक्य नाही."

"काटा समोर आहे."

तो समोर होता हीच अडचण होती. निरीक्षकांनी डबा उचलून बाजूला ठेवला. पारडं रिकामं झालं, आणि सुई शून्यावर न येता साठवर जाऊन स्वस्थ उभी राहिली. त्यांनी वाकून काट्याची बाजू बघितली. पडताळणीचा शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे दोन वर्षं या दवाखान्यातला प्रत्येक रुग्ण घरच्या जेवणाबरोबर साठ ग्रॅम हवा खात होता, आणि तेवढंच अन्न खाली काढून ठेवलं जात होतं.

त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. खरं तर काढायचं त्यांच्या मनात नव्हतं, हात आपोआप गेला. "हा काटा मला सील करावा लागेल."

"करा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण वजन झाल्याशिवाय डबा वर जात नाही, हा नियम आहे. स्टोअरमधून दुसरा काटा मागवायचा तर मागणीपत्र लागतं. त्याला चार दिवस लागतात."

रांगेत कुजबूज झाली. निरीक्षकांनी मागे वळून पाहिलं. सहा माणसं सहा डबे छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, हातात थर्मास घेतलेले, पुढे झाले आणि अगदी आर्जवाने म्हणाले, "साहेब, कायदा उद्या लावला तर नाही का चालणार? आमच्या हिच्यासाठी सूप आणलंय. निवतंय ते."

बावीस वर्षांत निरीक्षकांनी लबाड दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्या अंगाला लागल्या नव्हत्या. पण या थर्मासपुढे त्यांना आपण फार मोठा गुन्हेगार असल्यासारखं वाटलं. त्यांनी कागद मागितला, त्यावर 'हा काटा साठ ग्रॅम जास्त दाखवतो; आजपुरते प्रत्येक वजनातून साठ ग्रॅम वजा धरावेत' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. बाईंनी कागद वाचला, त्यांना तो पटला. थर्मास वर गेला. त्यामागचे पाचही डबे वर गेले.

मग निरीक्षकांनी आपला डबा पुढे केला.

"तुमचा नाही सोडता येणार," बाई म्हणाल्या. "तुमच्याच सहीवर तुमचाच डबा कसा सोडू?"

हे निरीक्षकांना मान्य करावंच लागलं. कारण बाईंच्या जागी ते असते, तर त्यांनी अक्षरशः हेच वाक्य म्हटलं असतं. ते बाहेर पडले, कार्यालयात गेले, प्रमाणित वजनांची पेटी घेऊन आले, काट्याच्या पोटातला स्क्रू अर्धा वेढा फिरवला, सुई शून्यावर आणली, शिक्का मारला, पावती तीन प्रतींत केली. या सगळ्याला पाऊण तास लागला. डबा पुन्हा तोलला, बरोबर पाचशे भरला. बाईंनी मनापासून आभार मानले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तो डबा मास्तरांना देण्यात आला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि पचायला हलकं असावं, असा अभिप्राय दिला.

संध्याकाळी निरीक्षक बायकोला भेटायला गेले, तर ती उशीला टेकून पडली होती. चेहरा अधिकच उतरलेला. "आज खाली कुणी साहेब काटा धरून बसला होता म्हणे," ती म्हणाली. "पलीकडच्या पलंगावरच्या आजींचे यजमान सांगत होते."

"असं?"

"असेल कुणीतरी," बायको म्हणाली, आणि तिने कूस बदलली. ताटावरचं झाकण तसंच होतं. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत नाही जेवल्या, तर सलाईन लावावंच लागेल."

त्यामुळे शुक्रवारी निरीक्षकांनी कुठलाही धोका पत्करायचा नाही, असं ठरवलं. दाराला आतून कडी लावली. मास्तरांनी दोनदा दार वाजवलं, तरी उघडलं नाही. भात आणि भाजी दोन्ही शिजल्यावर तोलली. भात तीनशे चाळीस भरला. चाळीस ग्रॅम काढून टाकणं सहज शक्य होतं. पण घटकांचं प्रमाण अर्जात लिहून दिलेलं होतं, आणि काढून टाकायचं म्हणजे ते प्रमाण मोडणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी विचार केला, की जास्तीचं आहे ते पाणी आहे. मग पाणीच आटवावं. पातेलं परत शेगडीवर गेलं. तीनशे वीस. तीनशे आठ. तीनशे तीन. बरोबर तीनशेला त्यांनी विजयाने शेगडी बंद केली. तोपर्यंत भाताचा तळ पातेल्याशी एकजीव झाला होता आणि उरलेल्या भाताला त्याचा वास लागला होता. पण वजनात तसूभर फरक नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डबा वॉर्डात पोहोचला. बायकोला सिस्टरांनी उठवून बसवलं. निरीक्षकांनी समोर फिरतं टेबल ओढलं, डबा उघडला, चमचा पुसून हातात दिला आणि स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही ते कधी असे बसले नव्हते.

तिने एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. गिळला.

"हे घरचं आहे?"

"घरचंच."

"कुणाच्या?"

निरीक्षकांनी डबा तिच्याजवळ सरकवला. बायकोने आणखी अर्धा घास घेऊन पाहिला, बहुधा पहिल्या घासाच्या बाबतीत काही गैरसमज झाला असेल म्हणून, आणि चमचा खाली ठेवला. तेवढ्यात दवाखान्याच्या जेवणाची गाडी खडखडत आली. नेहमीचं ताट, नेहमीचं झाकण. तिने झाकण उचललं, आत पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि ताट जवळ ओढून घेतलं.

"हे बरं आहे की," ती म्हणाली. "करपलेलं तरी नाही."

आणि ती जेवू लागली. निरीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. खाली गाड्या लावायच्या जागेत दोन माणसं एका स्कूटरवरून वाद घालत होती. त्या वादात त्यांना एकदम खूप रस वाटायला लागला. तीन दिवसांची धावपळ, अकरा वाट्या, सत्तेचाळीस पूर्णांक तीन मिलिमीटर, दोन वेळा तीन-तीन प्रती, आणि शेवटी जिंकलं ते झाकणाखालचं ताट.

"तुम्ही जेवलात का?" बायकोने विचारलं.

"हो."

"काय?"

आकड्यांच्या बाबतीत निरीक्षकांना खोटं बोलता येत नसे, पण हा काही आकडा नव्हता. तरीही जमलं नाही. "बिस्किटं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सोमवारपासून. मुलगी जेवते. ती काकूंकडे जाते."

बायकोने टेबलावरचा डबा उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "बसा सरळ. खा."

"अगं, इथे भेटायला आलेल्यांनी जेवायचं नाही असा नियम—"

"खा म्हणते ना."

त्यांनी खाल्लं. पहिल्याच घासाला त्यांना मुलगी, मास्तर आणि बायको या तिघांबद्दलही एकदम आदर वाटला. बायकोने आपल्या ताटातली भाजी त्यांच्या भातावर वाढली, दही वाढलं, आणि विचारू लागली. दूधवाल्याला सुट्टी सांगितली का. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतंय. पोरीचा कालचा पेपर कसा गेला. निरीक्षक उत्तरं देत होते. चुकीचं उत्तर आलं, की ती घास तोंडात असतानाच रागवत होती. साडेअकराला मुलगी परीक्षेहून थेट आली, पलंगाच्या कडेला बसली, आईच्या ताटातली पोळी मोडून बापाच्या डब्यात बुडवली आणि चेहरा वाकडा करून पुढचा तुकडा मोडला.

"तीन दिवस या भिंतीकडे बघत बसले होते ताट घेऊन," बायको म्हणाली. "झाकण उचललं, की घासच घ्यावासा वाटायचा नाही. कुणी बोलायला नाही, कुणाला वाढायला नाही." मग ताटाकडे बघून तिलाच नवल वाटलं. ताट रिकामं होतं.

सिस्टर नोंदवही घेऊन आल्या, तर पलंगावर तिघं जेवत होती. मुलीच्या तोंडात पोळी होती, निरीक्षकांच्या हातात चमचा. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. सिस्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि आत उभं राहूनच लिहिलं, 'रुग्णाने पूर्ण जेवण घेतले. घरच्या डब्याचा परिणाम: उत्तम.'

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी ती नोंद वाचली आणि ते खूश झाले. "छान," ते निरीक्षकांना म्हणाले. "तुमच्या डब्याने काम केलं. सोमवारी घरी सोडू. तोवर दोन्ही वेळा हाच डबा चालू ठेवा."

निरीक्षकांनी अभिमानाने मान डोलावली आणि दुसऱ्या वेळेसाठी वेगळा अर्ज लागेल का, ते विचारायला वही काढली. बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघत होत्या.

"डॉक्टर, आजच नाही का सोडता येणार?" बायको म्हणाली.

"का? इथे काही त्रास आहे?"

"मला नाही," ती म्हणाली. "घरी दोन माणसं उपाशी आहेत."

डॉक्टरांनी निरीक्षकांकडे पाहिलं. सैल झालेला पट्टा, चार दिवसांत आत गेलेले गाल. निरीक्षक सांगणार होते, की मुलगी काकूंकडे जेवते, त्यामुळे हा आकडा दोन नसून एक आहे. पण डॉक्टरांनी घरी सोडायच्या कागदासाठी पेनचं टोपण काढलं होतं, म्हणून ते गप्प बसले.